शेतावरची हवा कुठल्या रंगाची? ड्रोन उडवण्याआधीचे माझे अडीच महिने

भाऊबीजेला, म्हणजे २३ ऑक्टोबर २०२५ ला, दादाने ओवाळणीत ड्रोन दिला. दोन वर्षं मी घोकत होते की अण्णांना एकदा शेत वरून दाखवायचंय. अण्णा आता ७९ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे बांधावर जाणं बंद झालंय, आणि लोणीकंदजवळ आमचं जे साडेचार एकर आहे त्यातली विहीर त्यांनी ७२ च्या दुष्काळात चुलत्यांबरोबर स्वतः खणलेली आहे. रोज कोणीतरी शेतावरून आलं की विचारतात, विहिरीला पाणी किती, आंब्याला मोहोर आला का. म्हणून ड्रोन. हौस वगैरे नंतर.

ड्रोन २४९ ग्रॅमचा, इथेच बनवलेला, दोन जादा बॅटऱ्या धरून ४६ हजारांना पडला. २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, त्याच्यावर २ किलोपर्यंत मायक्रो, आणि नॅनोला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही (मायक्रोलाही हौसेसाठी लागत नाही, धंद्यासाठी लागतं). दादाने बिल माझ्या नावावर केलं हे फार बरं झालं, कारण नोंदणी मालकाच्या नावाने होते. नोंदणीची फी १०० रुपये, फॉर्म भरल्यापासून नंबर यायला माझे ९ दिवस गेले, त्यात एकदा बिलाचा फोटो पुसट म्हणून परत अपलोड करावा लागला. बाहेरून तयार ड्रोन आणायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, संशोधन आणि संरक्षणासाठीची सूट सोडून, त्यामुळे दुबईहून कोणी आणून देतो म्हणालं तर नको म्हणा.

आम्ही राहतो पुण्यात, धानोरीत. पहिल्याच संध्याकाळी भाचरं म्हणाली आत्या चल ना गच्चीवर. आमच्या गच्चीवरून लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, उतरणारी विमानं इतकी जवळ दिसतात की चाकं मोजता येतात, आणि सुखोई लढाऊ विमान गेलं की फोनवरचं बोलणं अर्धवट थांबवावं लागतं. इथे उडवायचं नाही एवढं कळायला नियम वाचायची गरज नव्हती. पण मग कुठे उडवायचं? शेत तर विमानतळापासून लांब आहे, पण किती लांब म्हणजे पुरेसं लांब, हे मला माहीत नव्हतं. दुकानातल्या माणसाने सांगितलं "शहराबाहेर कुठेही चालतं मॅडम" आणि ऑफिसातला एक जण म्हणाला "पुण्यात पूर्ण बंदी आहे". दोघांनी अगदी खात्रीने सांगितलं. दोन्ही बरोबर नव्हतं.

पहिला आठवडा माझा चुकीच्या ठिकाणी गेला, तो तुमचा जाऊ नये म्हणून सविस्तर लिहिते. मी युट्यूबवर एअरस्पेस क्लास, म्हणजे हवेचे वर्ग, असं शोधलं आणि जवळजवळ सगळे व्हिडिओ अमेरिकेचे निघाले. तिथे क्लास बी, सी, डी, ई, जी असे प्रकार समजावतात, मोठ्या विमानतळाभोवती बी म्हणजे उलट्या ठेवलेल्या लग्नाच्या केकसारखे थर, आणि जी म्हणजे कोणाच्या नियंत्रणात नसलेली हवा, तिथे हौशी लोकांना ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, बाकीच्या ठिकाणी मोबाईलवरून काही सेकंदांत परवानगी मिळते. मी वहीत सगळं उतरवून घेतलं, रंगीत पेनांनी. मग लोहगाव कुठल्या क्लासमध्ये येतं हे शोधत बसले.

हे क्लास खोटे नाहीत. ए पासून जी पर्यंत सात वर्ग ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आणि भारताने त्यातले डी, ई, एफ आणि जी असे चारच वापरात ठेवलेत. डी म्हणजे विमानतळाभोवतीची कंट्रोलची हवा, जी म्हणजे अनियंत्रित. पण हे वर्ग मुळात माणसं बसलेल्या विमानांसाठी आहेत, कुठे कंट्रोल टॉवरशी बोलायचं, कोणाला कोणापासून किती अंतरावर ठेवायचं, यासाठी. मी त्यात अजून एक घोळ घातला होता. नकाशांवर पी, आर आणि डी अशी अक्षरं असलेले भाग दिसतात, म्हणजे प्रोहिबिटेड, रिस्ट्रिक्टेड आणि डेंजर, आणि आपल्या भागात त्यांच्या नावाआधी व्हीए लागतं कारण पुणे मुंबईच्या हवाई माहिती क्षेत्रात येतं. तिथला डी म्हणजे डेंजर एरिया, क्लास डी नव्हे. मी दोन दिवस ते एकच समजून वाचत होते आणि काहीच जुळत नव्हतं.

आपल्याकडे ड्रोनवाल्याने पाहायचे ते तीन रंग. ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ ला आले, आणि महिन्याभराने, २४ सप्टेंबरला, डिजिटल स्काय या सरकारी प्लॅटफॉर्मवर अख्ख्या देशाचा हवाई नकाशा टाकला गेला. लाल, पिवळा, हिरवा. लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही नाही. पिवळ्यात त्या भागाच्या हवाई नियंत्रणाची परवानगी, आणि ते नियंत्रण जागेनुसार वेगवेगळ्या संस्थेकडे असतं, कुठे विमानतळ प्राधिकरण, कुठे हवाई दल, कुठे नौदल, कुठे एचएएल ही विमानं बनवणारी सरकारी कंपनी. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी टर्मिनल त्यातला एक भाग. हिरव्यात आधी परवानगी घ्यावी लागत नाही.

नकाशा मोबाईलवर नीट चालत नव्हता, कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा जमलं. पुण्याचा नकाशा रंगांत पाहिला आणि मी बराच वेळ नुसती बघत बसले. ज्या शहरात जन्म गेला त्यात किती ठिकाणी लष्कर, संशोधन संस्था, दारूगोळ्याचे कारखाने आहेत, याचा आपण रोजच्या जाण्यायेण्यात विचारच करत नाही. लोहगाव एकटं नाही. खडकवासल्याला एनडीए, खडकी, देहूरोड, पाषाणच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळा, दिघी, आणि हडपसरला ग्लायडिंग सेंटरची धावपट्टी. म्हणून कोथरूड-बावधनकडच्या लोकांनीही "आपण तर विमानतळापासून लांब" असं गृहीत धरू नका, आपली जागा नकाशावर झूम करून बघा.

आता आमचं शेत. जागा नेमकी पाहिजे, गावाचं नाव टाकून भागत नाही. मी सातबाऱ्यावरचा गट नंबर घेतला, महाभूनकाशा या सरकारी जमीन-नकाशांच्या साइटवर गटाचा आकार पाहिला, मग गुगल मॅपवर विहिरीवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात ते लिहून घेतले, आणि तोच बिंदू डिजिटल स्कायच्या नकाशावर शोधला. त्याआधी मी गुगलवर टर्मिनलपासून शेतापर्यंत सरळ रेषेत अंतर मोजलं होतं, ते आलं साधारण १३ किलोमीटर. नियमात विमानतळाभोवतीची बंधनं १२ किलोमीटरपर्यंत आहेत. म्हणजे आपण बाहेर, सुटलो, असं मी अण्णांना सांगूनही टाकलं.

पण अंतर टर्मिनलपासून नाही, विमानतळाच्या हद्दीपासून धरतात. धावपट्टीच अडीच किलोमीटर लांब आहे आणि पूर्वेकडचं टोक आमच्या बाजूला येतं. हद्दीच्या कडेपासून मोजलं तर अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास. आम्ही १२ च्या आत होतो.

इथे मला पहिल्यांदा कळलं की रंग नुसत्या जागेला नसतो, जागेच्या वरच्या हवेला असतो, आणि एकाच जागेवर उंचीप्रमाणे तो बदलतो. हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा. ८ ते १२ च्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. १२ च्या पलीकडे, दुसरी काही बंदी नसेल तर, ४०० फुटांपर्यंत हिरवा आणि त्यावर पुन्हा पिवळा. म्हणजे आमच्या विहिरीशेजारी उभं राहून मी २०० फुटांपर्यंत म्हणजे ६० मीटरपर्यंत मोकळी होते, आणि ६१ व्या मीटरला मला परवानगी लागत होती. जमीन तीच, विहीर तीच.

आणि ड्रोनचं ॲप? त्यात कमाल उंची १२० मीटर आधीच भरून आलेली. ॲपमधला नकाशासुद्धा स्वच्छ, एकही खूण नाही. मी जर नुसतं ॲपवर विसंबले असते तर पहिल्याच उड्डाणात सरळ पिवळ्यात गेले असते, आणि मला कळलंही नसतं. कंपनीच्या ॲपमधला नकाशा आणि सरकारी नकाशा या वेगळ्या गोष्टी आहेत, ड्रोन हवेत उठला म्हणजे परवानगी आहे असं नाही. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत आहे, पण मला भीती पैशांची नव्हती. धानोरीत राहून विमानं किती खाली येतात ते रोज बघते मी.

उंची मी ५० मीटरला लॉक करून टाकली. १० मीटर हातचे, कारण वारा आला की ड्रोन दोन-तीन मीटर वरखाली होतो.

खरं सांगायचं तर ५० मीटरवरून साडेचार एकर एका फोटोत येत नाहीत. मला ९० मीटर हवे होते. पिवळ्यासाठी अर्ज करावा का यावर आठ दिवस विचार केला, दादा म्हणाला कर की, काय बिघडतं. पण एका घरगुती फोटोसाठी, तेही सतत लढाऊ विमानं उडणाऱ्या तळाजवळ, मला ते बरोबर वाटेना. ठरवलं की खालूनच सहा-सात फोटो काढायचे आणि जोडायचे. ज्यांचं काम खरंच उंचीशिवाय होणार नाही त्यांनी अर्ज करावा, पण आधी स्वतःला विचारा की ती उंची नक्की लागतेय का.

सरावासाठी ७ डिसेंबरला, रविवारी, शिक्रापूरच्या पुढे दादाच्या मित्राच्या रानात गेलो. तिथला नकाशा आधी तपासला, १२ च्या बराच बाहेर, हिरवा. दोन तास नुसतं उठवणं, उतरवणं, वाऱ्यात एका जागी धरून ठेवणं. घरी परत येईपर्यंत मान दुखत होती कारण ड्रोन सतत डोळ्यांनी दिसला पाहिजे, स्क्रीनकडे बघत बसायचं नाही.

त्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली जी मला कुठल्याच व्हिडिओत मिळाली नव्हती. ॲप जी उंची दाखवतं ती तुम्ही जिथून ड्रोन उठवला त्या जागेपासूनची. खाली जमीन कशी आहे हे त्याला माहीत नसतं. मित्राच्या रानात ओढा होता, ओढ्यावर ड्रोन गेला तरी आकडा तोच. हे पाहून माझ्या पोटात गोळा आला, कारण आमच्या शेताला लागून एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. वाघोली-लोणीकंद भागातले लोक ओळखतील, डबर काढून काढून खोल गेलेल्या, आता पाण्याने भरलेल्या. मी ठरवलेली जागा नेमकी त्या खाणीच्या काठावरची होती, कारण बाकीकडे अकरा केव्हीची विजेची लाईन आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) आहे. काठावरून ४५ मीटरवर ड्रोन खाणीवर गेला आणि खाली २५ मीटर खोल असलं तर जमिनीपासून ७० मीटर झाले. ॲप मात्र ४५ च दाखवणार. मी ६० ओलांडून गेलेली असणार.

मग खाणीच्या बाजूला जायचंच नाही असं ठरवलं, आणि उठवायची जागा बदलून विहिरीच्या खालच्या अंगाला, सखल भागात घेतली. सखल जागेवरून उठवलं की चढाच्या बाजूला खरी उंची कमीच भरते, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूने. झाडांची मात्र काळजी घ्या, चढावरचं झाड आकड्यापेक्षा जवळ असतं.

हिरव्या हवेला परवानगी लागत नाही, पण पोलिसांचे आदेश वेगळे. पूर्वीचं १४४ म्हणजे आताचं नव्या संहितेतलं १६३, त्याखाली पुण्यात ड्रोनवर ठराविक दिवसांचे मनाई आदेश निघत असतात. त्याशिवाय नियमांनुसार पोलीस अधीक्षक किंवा वरचा अधिकारी एखादा भाग तात्पुरता लाल करू शकतो, एका वेळी ९६ तासांपर्यंत. आणि गावाचा प्रश्न. २०२४ च्या पावसाळ्यात शिरूर-दौंड भागात रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्या आल्या होत्या, लोक काठ्या घेऊन पहाऱ्याला बसत होते. ते अजून कोणी विसरलेलं नाही.

१९ डिसेंबरला पोलीस ठाण्यात गेले. आमचा भाग आधी ग्रामीण पोलिसांकडे होता, २०२१ मध्ये शहर आयुक्तालयात आला, त्यामुळे आदेश बघताना पुणे शहराचे बघायचे, ग्रामीणचे नाही. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला होता, नाव, पत्ता, नोंदणी नंबर, गट नंबर, किती उंची, कुठली तारीख, सोबत सातबारा आणि नकाशाची प्रिंट. तिथल्या हवालदारांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले,

"ताई, १ तारीख झाल्यावर या. पेरण्याला जयस्तंभ आहे, माहितीये ना. लाखो लोक येतात, तोपर्यंत सगळा बंदोबस्त. आत्ता काहीच उडवू नका."

मी २८ डिसेंबर धरला होता. पेरणे फाटा आमच्यापासून किती जवळ आहे हे मला चांगलंच माहीत असून तारखेचा विचार मी केला नव्हता. नकाशावर हिरवं होतं आणि तरीही तो दिवस चुकीचा होता. जागा, उंची आणि दिवस, तिन्ही बघावे लागतात.

६ जानेवारीला परत गेले, त्या दिवशी कुठला मनाई आदेश लागू नाही हे विचारून घेतलं, अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. तो शिक्का म्हणजे परवानगी नव्हे, पण कोणी फोन केला तर ठाण्याला माहीत असतं. सरपंचांना आणि शेजारच्या तात्यांना फोन करून सांगितलं. तात्या म्हणाले, "आमचं पण घर काढ वरून." मी म्हटलं तात्या तुमच्या अंगणात बायामाणसं वावरतात, तुम्ही समोर उभे राहा, मग काढते.

११ जानेवारी, रविवार. संक्रांतीला तीन दिवस होते म्हणून मांजाची धास्ती, त्यामुळे पतंगवाली पोरं उठायच्या आत पहाटेच निघालो, मी, दादा आणि मोठा भाचा. साडेसातला पोचलो, अंगावर स्वेटर, रानात दव. गाडीतच नकाशा पुन्हा उघडला, कारण तो बदलू शकतो आणि उड्डाणाआधी बघणं हे नियमातच आहे. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवला. ताडपत्री अंथरली, उंचीची मर्यादा परत तपासली, ५०.

भाच्याचं काम फक्त आकाशाकडे बघणं आणि ऐकणं. चार मिनिटं झाली असतील, तो ओरडला हेलिकॉप्टर. मला दिसत नव्हतं, आवाज येत होता. ड्रोन तिथल्या तिथे खाली आणला, ताडपत्रीवर बसेपर्यंत माझे हात थरथरत होते. ते बरंच लांबून, नगर रोडच्या पलीकडून गेलं, पण माणसं बसलेल्या विमानाला वाट द्यायचीच, आधी उतरायचं आणि मग बघायचं किती लांब होतं ते. दहा मिनिटं थांबलो. दुसऱ्यांदा उठवला तेव्हा एक घार घिरट्या घालत जवळ आली, तेव्हाही उतरवला. घारी या भागात खूप, त्यांच्याशी खेळू नका, ड्रोनपेक्षा त्यांना इजा होते. तिसऱ्या वेळी शांत मिळालं. ४५ मीटरवरून सात फोटो, एकमेकांवर थोडे थोडे चढतील असे, आणि विहिरीवरून एक सरळ खाली. दोन बॅटऱ्या, सगळं मिळून वीस-बावीस मिनिटांचं उडणं. अडीच महिन्यांचं काम तेवढ्यात झालं.

फोटो भाच्याने कॉम्प्युटरवर जोडले. मोठी प्रिंट काढली, ३५० रुपये. संध्याकाळी अण्णांच्या मांडीवर ठेवली, दिव्याचं बटण दाबलं, त्यांनी दोन्ही चष्मे बदलून पाहिले. आधी काही बोलले नाहीत. मग बोट ठेवून बांध धरत धरत गेले, इथून पाट होता, ही मोटेची जागा, इथे तुझ्या आजीने चिंच लावली ती वीज पडून गेली. विहिरीशी बोट बराच वेळ थांबलं. पाणी कडेपर्यंत चमकत होतं फोटोत.

मग आंबे मोजायला लागले. दोनदा मोजले.

"अकराच दिसतात गं. आपले बारा आहेत."

मी पण मोजले, अकराच होते. बारावा खाणीच्या बाजूच्या बांधावर आहे, मी जिकडे ड्रोन नेला नव्हता तिकडे. अण्णांना खाणीचं, ४५ चे ७० कसे होतात ते सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, फोटो उलटा करून मागे पेन्सिलीने लिहिलं, "१२ वा आंबा पूर्वेच्या बांधावर, फोटोत नाही", आणि खाली तारीख घातली.